असाइनमेंट लिहायला बसण्याआधी आराखडा कसा बांधावा

असाइनमेंट मिळाली की आधी प्रश्नातलं क्रियापद शोधा. ‘वर्णन करा’, ‘तुलना करा’, ‘चिकित्सा करा’ ही तीन वेगळी कामं आहेत. तुलना विचारलेली असताना दोन गोष्टींची माहिती नुसती एकापाठोपाठ दिली, तर मजकूर बिनचूक असूनही गुण जातात.

मग विषय आवळा. ‘सोशल मीडियाचे परिणाम’ १५०० शब्दांत मावत नाही. ‘रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहणं आणि विद्यार्थ्यांची झोप’ मावतं.

दिवस शेवटच्या तारखेपासून मागे मोजा. १४ दिवस हाताशी असतील तर शेवटचे २ तपासणीला, त्याआधीचे ४ खर्ड्याला, २ आराखड्याला आणि सुरुवातीचे ६ वाचनाला. वाचन कुठे थांबवायचं ते आधीच ठरवा, कारण बाकीच्या कामांचे दिवस तेच खातं.

वाचताना लेखक, वर्ष आणि पान क्रमांक तिथल्या तिथे टिपा. मजकुरात संदर्भ देण्याच्या एपीए आणि एमएलए या दोन रूढ पद्धती आहेत: एपीएमध्ये लेखक आणि वर्ष लागतं, एमएलएमध्ये लेखक आणि पान. जसंच्या तसं उतरवलेलं वाक्य लगेच अवतरणचिन्हांत घाला. नाहीतर आठवड्याभराने ते आपलंच वाटू लागतं आणि नकळत वाङ्मयचौर्य होतं.

आता आराखडा. बहुतेकांचा ‘प्रस्तावना, कारणं, परिणाम, उपाय, समारोप’ एवढ्यावर संपतो. असा आराखडा कुठल्याही विषयाला लागू पडतो, म्हणूनच त्याचा उपयोग होत नाही. प्रत्येक मुद्दा पूर्ण वाक्यात लिहा. नुसतं ‘परिणाम’ नको. ‘अपुऱ्या झोपेमुळे दुसऱ्या दिवशी वर्गात लक्ष टिकत नाही’ असं हवं. वाक्य जमत नसेल तर त्या मुद्द्यावर वाचन कमी पडलंय, हे खर्ड्याआधीच कळतं. ही वाक्यं एकाखाली एक मांडून मध्ये ‘म्हणून’, ‘पण’ किंवा ‘शिवाय’ घालून बघा. सगळीकडे ‘शिवाय’च बसत असेल, तर हातात युक्तिवाद नाही, यादी आहे. क्रम बदला, एखादा मुद्दा सरळ काढून टाका. (सहसा जो सर्वांत आवडता असतो, तोच काढावा लागतो.)

शब्दांची वाटणीही इथेच करा. १५०० पैकी प्रस्तावनेला १५०, समारोपाला १५०, उरलेल्या १२०० मध्ये चार मुद्दे, प्रत्येकी ३००. प्रत्येक मुद्द्याखाली पुरावा कुठला वापरणार तेही लिहा.

प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहा. काय सिद्ध केलंय ते तोवर ठाऊक झालेलं असतं. खर्डा झाला की प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात त्याचा आशय एका ओळीत लिहा. एका परिच्छेदाला दोन ओळी लागल्या तर तो तोडा, दोन परिच्छेदांची ओळ सारखी आली तर ते जोडा. भाषेच्या चुका त्यानंतर. उडवायच्या परिच्छेदाचं शुद्धलेखन तपासण्यात अर्थ नाही. अखेरीस मजकुरातला प्रत्येक संदर्भ यादीत आहे का आणि यादीतला प्रत्येक संदर्भ मजकुरात आलाय का, हे दोन्ही बाजूंनी ताडून बघा.