एप्रिलमध्येच टॅक्सच्या तारखा लावून टाका
वागळे इस्टेटमधलं वर्कशॉप असो नाहीतर वाशीतलं दुकान, एक एप्रिलला चोपडी बदलली की त्याच दिवशी मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये तारखा टाकायच्या, सीए आठवण करेल म्हणून बसायचं नाही, त्याच्याकडे आपल्यासारखे पन्नास जण असतात.

दर महिन्याचं आधी, ७ तारखेला टीडीएस (पगार, भाडं वगैरे देताना आपण कापून घेतलेला टॅक्स) भरायचा (फक्त मार्चचा ३० एप्रिलपर्यंत चालतो), ११ ला जीएसटीआर-१ (जीएसटीचं विक्रीचं रिटर्न), २० ला ३बी (महिन्याचा हिशेब देऊन जीएसटी भरायचं रिटर्न), आणि ह्यांना 'रिपीट' लावून ठेवा. टर्नओव्हर पाच कोटींपर्यंत असेल तर जीएसटीला तिमाही रिटर्नचा पर्याय आहे, एप्रिल-जूनसाठी तो ३० एप्रिलच्या आत निवडावा लागतो, पण टॅक्स मात्र दर महिन्यालाच भरायचा हं, इथेच लोक गंडतात.

अ‍ॅडव्हान्स टॅक्स (वर्ष संपायच्या आधीच हप्त्यांत भरायचा इन्कम टॅक्स) १५ जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च. ४४एडीवाल्यांना (टर्नओव्हरच्या ठरावीक टक्के नफा धरून इन्कम टॅक्स भरणाऱ्यांना) एकदाच, १५ मार्चला. आणि मालकाचा स्वतःचा प्रोफेशन टॅक्स, २५०० रुपये, ३० जूनपर्यंत, रक्कम छोटी म्हणून हमखास राहतो.

रिमाइंडर तारखेच्या चार दिवस आधीचा लावा, कारण २० तारखेला संध्याकाळी पोर्टल रांगतं आणि उशीर झाला की ३बीला दिवसाला ५० रुपये लेट फी, निल (महिन्यात व्यवहारच नाही असं) रिटर्न असेल तरी २०, वर व्याज वेगळं.