ऑफिसच्या प्रॉक्सीमागे पिप आणि एनपीएम अडतात तेव्हा

सोमवारी नवीन बॅच जॉइन होते आणि अकरा वाजेपर्यंत कोणीतरी उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून माझ्या डेस्कपाशी उभं राहतं. "मॅम, पिप इन्स्टॉल होत नाहीये. हॉस्टेलवर होत होतं." पिप हे पायथॉनची आणि एनपीएम हे नोडची (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) पॅकेजं नेटवरून उतरवणारं टूल; ऑफिसात मात्र बाहेरचा ट्रॅफिक प्रॉक्सी नावाच्या मधल्या सर्व्हरमधून जातो. हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात मी सहा वर्षं डेव्हलपर सपोर्टला आहे. परवा आलेला मुलगा सांगलीचा. पहिल्या प्रोजेक्टचा तिसरा दिवस, आणि पांडाज् ही पायथॉनची लायब्ररी इन्स्टॉल होत नाही म्हणून दीड दिवस गप्प बसून राहिलेला. पायथॉन तीनदा काढून परत टाकला होता. त्याच्यासारख्यांचा दीड दिवस वाचावा म्हणून हे लिहिते आहे.

कमांड मी फोनवर सांगते तशाच इथे लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरायची, "डॉट" म्हटलं की टिंब.

आधी एरर वाचूया. पिपच्या शेवटच्या दोन लाल ओळी नेटवर्कच्या बाबतीत दिशाभूल करतात. त्यांतल्या पहिलीत लिहिलेलं असतं, "कुड नॉट फाइंड अ व्हर्जन दॅट सॅटिस्फाइज द रिक्वायरमेंट". ती वाचून मुलं पॅकेजचं नाव तपासतात, व्हर्जन बदलतात, पायथॉन बदलतात. त्याच ओळीत पुढे कंसात "फ्रॉम व्हर्जन्स: नन" असेल तर पिपला एकही व्हर्जन दिसलेलं नाही. नाव बरोबर असेल, तर बहुतेक वेळा ते यादीपर्यंत पोचलेलंच नसतं. मग स्क्रीन वर सरकवा. तिथे पिवळ्या "रीट्राइंग" ओळी असतात आणि खरं कारण त्यांच्यात असतं. सांगलीच्या मुलाच्या स्क्रीनवर पाचही ओळींत "सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड" लिहिलेलं होतं. त्याने फक्त शेवटच्या लाल ओळी वाचल्या होत्या.

वरच्या ओळीत काय दिसतं त्यावर पुढचं ठरतं. "टाइम्ड आउट" किंवा एनपीएमचं "ईटाइमडआउट", "ईनॉटफाउंड" दिसलं, तर तुमच्या टूलला प्रॉक्सीचा पत्ताच माहीत नाही. ते थेट बाहेर जायला बघतंय आणि फायरवॉल सोडत नाही. ४०७ दिसलं तर प्रॉक्सी सापडली, पण ती विचारते आहे की तुम्ही कोण. ४०३ दिसलं तर ओळख पटली, पण ती साइट बंद ठेवलेली आहे. सर्टिफिकेट, एसएसएल, "सेल्फ साइन्ड" असे शब्द दिसले तर रस्ता मोकळा आहे, अडचण विश्वासाची आहे. या चारांचे उपाय वेगवेगळे आहेत. एकाचा उपाय दुसऱ्यावर लावल्यानेच दिवस जातात.

सेटिंगला हात लावण्याआधी टीममध्ये एक विचारा: आपल्याकडे आतला मिरर, म्हणजे पॅकेजांची कंपनीतच ठेवलेली प्रत, आहे का? अशी प्रत ठेवणारं नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरी असेल तर बाहेर जायची गरजच नाही. पिपला "ग्लोबल डॉट इंडेक्स-यूआरएल" आणि एनपीएमला "रजिस्ट्री" म्हणून आतला पत्ता द्यायचा, की बहुतेक काम झालं. मात्र हा आतला पत्ता प्रॉक्सीकडे जाता कामा नये. त्यासाठी "नो अंडरस्कोर प्रॉक्सी" या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये (टर्मिनलमधली टूल्स वाचतात ती नावानिशी ठेवलेली सेटिंग) लोकलहोस्ट, १२७.०.०.१ आणि आतला डोमेन स्वल्पविराम देऊन, मध्ये जागा न सोडता लिहा.

मिरर नसेल तर प्रॉक्सीचा पत्ता शोधायचा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग प्रॉक्सी. तिथे सरळ होस्ट आणि पोर्ट दिसलं तर उत्तम. बऱ्याच कंपन्यांत तिथे एका स्क्रिप्टचा पत्ता असतो, शेवटी डॉट पॅक. ब्राउझर ती स्क्रिप्ट चालवून ठरवतो की कोणती साइट कुठून जाणार. पिप आणि एनपीएम ती स्क्रिप्ट वाचत नाहीत. म्हणून ब्राउझरमध्ये सगळं चालतं आणि टर्मिनलमध्ये काहीच नाही. तो पत्ता ब्राउझरमध्ये उघडा, फाइल उतरेल, ती नोटपॅडमध्ये उघडा. आत "प्रॉक्सी" या शब्दापुढे होस्ट, विसर्गचिन्हासारखे दोन टिंब आणि पोर्ट अशी ओळ सापडेल. पोर्ट बहुधा ८०८० किंवा ३१२८. दोनतीन होस्ट असतील तर शेवटच्या रिटर्नमधला आधी वापरून बघा.

हा पत्ता "एचटीटीपी अंडरस्कोर प्रॉक्सी" आणि "एचटीटीपीएस अंडरस्कोर प्रॉक्सी" या दोन्ही एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये घाला. इथे जवळजवळ प्रत्येक जण चुकतो: दुसऱ्या व्हेरिएबलच्या नावात एस आहे म्हणून पत्त्याची सुरुवातही एचटीटीपीएसने करतो. नावातला एस तुम्हाला कुठल्या साइटवर जायचं आहे ते सांगतो. प्रॉक्सीशी मात्र साध्या एचटीटीपीनेच बोलायचं असतं, म्हणून दोन्हींत पत्ता साध्या एचटीटीपीनेच सुरू होतो. एस लावला की प्रॉक्सीशी टीएलएस, म्हणजे एचटीटीपीएसची सुरक्षित जोडणी, जमत नाही आणि "राँग व्हर्जन नंबर" अशी एरर येते, जिच्यावरून मूळ कारण कोणालाच कळत नाही.

व्हेरिएबल विंडोजच्या "सेटएक्स" कमांडने घातलं असेल तर चालू टर्मिनलला ते दिसत नाही. नवीन टर्मिनल उघडा. व्हीएस कोडच्या आतल्या टर्मिनलमध्ये काम करत असाल तर व्हीएस कोडच्या सगळ्या खिडक्या बंद करून तो परत सुरू करा. नुसता नवा टॅब पुरत नाही.

मग कर्लने, म्हणजे टर्मिनलमधून एखादा पत्ता उघडून बघणाऱ्या टूलने, तपासा. पॉवरशेलमध्ये "कर्ल डॉट ईएक्सई" असं पूर्ण लिहा, कारण विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेलमध्ये नुसतं कर्ल म्हणजे वेगळीच कमांड आहे. उणे व्ही द्या, उणे एक्स देऊन प्रॉक्सीचा पत्ता द्या (दोन्ही अक्षरं लहान लिपीतली) आणि शेवटी पिप जिथून पॅकेजं आणतं त्या पायपीआय डॉट ऑर्गचा पत्ता. "२०० कनेक्शन एस्टॅब्लिश्ड" आलं की प्रॉक्सीपर्यंतचा रस्ता ठीक आहे. विंडोजचं कर्ल विंडोजच्याच सर्टिफिकेट स्टोअरवर विश्वास ठेवतं. म्हणून कर्ल चाललं आणि पिप सर्टिफिकेटवर अडलं, तर प्रॉक्सीच्या सेटिंगशी झटापट थांबवा आणि पुढे सर्टिफिकेटचा भाग आहे तिथे जा.

४०७ आलं तर युजरनेम-पासवर्ड पत्त्यातच घालायचा मोह होतो. आधी एक तांत्रिक गोष्ट: पासवर्डात ॲटचं चिन्ह असेल तर पुढचा सगळा भाग होस्ट समजला जातो. त्याजागी टक्क्याचं चिन्ह आणि ४० लिहावं लागतं. हॅशसाठी टक्का २३, टक्क्यासाठी टक्का २५, उलट्या तिरक्या रेघेसाठी टक्का ५सी. पण खरं सांगायचं तर हे करूच नका. पासवर्ड उघड्या अक्षरांत एनपीएमआरसी या एनपीएमच्या सेटिंग फाइलमध्ये बसतो आणि मग ती फाइल कुणाच्या तरी कमिटमध्ये सापडते. मी दोनदा पाहिलं आहे.

शिवाय अनेक कंपन्यांच्या प्रॉक्सीला नुसता पासवर्ड चालत नाही, तिला एनटीएलएम किंवा कर्बेरॉस या विंडोज लॉगिनवरून ओळख पटवायच्या पद्धती लागतात, आणि त्या पिपला येत नाहीत. अशा वेळी मध्ये एक छोटा प्रोग्रॅम बसवतात. पीएक्स नावाचं टूल तुमच्या विंडोज लॉगिनचीच ओळख वापरतं, पासवर्ड कुठेही लिहावा लागत नाही. ते तुमच्याच मशिनवर ३१२८ पोर्टवर ऐकतं, आणि पिप-एनपीएमला प्रॉक्सी म्हणून १२७.०.०.१ आणि ३१२८ द्यायचं. सीएनटीएलएम हे जुनं टूलही तेच काम करतं, पण त्यात पासवर्डचा हॅश फाइलमध्ये ठेवावा लागतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी पासवर्ड बदलला आणि ती फाइल बदलायची राहिली. मागे चालू असलेलं टूल जुन्या हॅशने प्रॉक्सीचं दार ठोठावत राहिलं आणि माझं अकाउंट दिवसात चार वेळा लॉक झालं. तेव्हापासून मी पीएक्सच सुचवते. कोणतंही टूल टाकण्याआधी मात्र सिक्युरिटी टीमला मेल टाका.

आता सर्टिफिकेट, म्हणजे साइट आपली ओळख पटवायला दाखवते तो कागद. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण इथेच लोक चुकीची सवय लावून घेतात.

ब्राउझरमध्ये पायपीआय डॉट ऑर्ग उघडा, पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट बघा. "इश्यूड बाय"मध्ये तुमच्या कंपनीचं किंवा तिच्या सिक्युरिटी सॉफ्टवेअरचं नाव दिसलं, तर प्रॉक्सी मध्ये बसून सगळा ट्रॅफिक उघडून तपासते आहे आणि स्वतःच्या सहीचं सर्टिफिकेट तुम्हाला देते आहे. आयटीने कंपनीचं रूट सर्टिफिकेट (ज्याच्या भरवशावर बाकीची सर्टिफिकेटं मानली जातात ते) विंडोजमध्ये आधीच टाकलेलं असतं, त्यामुळे क्रोम-एजला काही वाटत नाही. जुनं पिप आणि नोड मात्र स्वतःची वेगळी यादी बाळगतात. त्या यादीत तुमची कंपनी नाही.

इथे नेटवर पहिला सल्ला मिळतो तो पिपला "ट्रस्टेड-होस्ट" लावा, एनपीएमला "स्ट्रिक्ट-एसएसएल फॉल्स" करा. एरर जाते. पण पॅकेज इन्स्टॉल होताना त्याचा कोड तुमच्या मशिनवर, तुमच्या अधिकाराने चालू शकतो: पिपमध्ये सेटअप डॉट पीवाय, एनपीएममध्ये पोस्टइन्स्टॉल स्क्रिप्ट. तपासणी बंद केलीत की वाटेत बसलेला कोणीही त्याला हवा तो कोड तुम्हाला देऊ शकतो, आणि हाच लॅपटॉप संध्याकाळी कॅफेच्या वायफायवर उघडतो. म्हणून माझ्या डेस्कवर मी हे कोणाला करू देत नाही. बरोबर मार्गाला दहा मिनिटं लागतात.

विंडोज आणि आर दाबून "सर्टएमजीआर डॉट एमएससी" चालवा. "ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन अथॉरिटीज"मध्ये कंपनीचं रूट शोधा. नाव कोणतं ते ब्राउझरमधल्या साखळीत सगळ्यात वर दिसलं होतं. राइट क्लिक, ऑल टास्क्स, एक्सपोर्ट. पुढे फॉरमॅट विचारतो तेव्हा "बेस-६४ एनकोडेड" निवडा. पहिला पर्याय डीईआर असतो आणि घाईत तोच राहतो; ती फाइल इथे चालत नाही. सी ड्राइव्हवर "सर्ट्स" असं फोल्डर करून तिथे ठेवा आणि शेवटचं डॉट सीईआर बदलून डॉट पीईएम करा. नोटपॅडमध्ये उघडली की पहिल्या ओळीत पाच रेघा आणि "बिगिन सर्टिफिकेट" दिसलं पाहिजे. दुसरंच काही चिन्हांचं जंगल दिसलं तर परत एक्सपोर्ट करा.

नोडसाठी "नोड एक्स्ट्रा सीए सर्ट्स" हे व्हेरिएबल, शब्दांमध्ये अंडरस्कोर, आणि किंमत म्हणजे त्या फाइलचा पूर्ण पत्ता. हे नोडच्या यादीत भर घालतं, म्हणून घरीही चालतं. एनपीएमचं "सीएफाइल" सेटिंग यादी बदलून टाकतं, म्हणून मी ते टाळते.

पिपमध्ये "पिप कॉन्फिग सेट ग्लोबल डॉट सर्ट" आणि फाइलचा पत्ता. जुन्या पिपमध्ये यानेही यादी बदलते. ऑफिसात चालतं, घरी व्हीपीएन बंद असताना अडतं. त्यावर उपाय: सर्टिफाय मोड्यूलची (जुन्या पिपची यादी त्यात असते) पीईएम फाइल "सर्ट्स" फोल्डरमध्ये कॉपी करा, तिच्या शेवटी कंपनीचं सर्टिफिकेट चिकटवा आणि पिपला ही जोडफाइल द्या. मूळ सर्टिफायच्या फाइलमध्ये काही चिकटवू नका, पुढच्या अपडेटला ते पुसलं जातं. रिक्वेस्ट्स लायब्ररी वापरणाऱ्या स्क्रिप्टसाठी हीच जोडफाइल "रिक्वेस्ट्स सीए बंडल" या व्हेरिएबलला द्या, इथेही शब्दांमध्ये अंडरस्कोर.

याहून सोपी वाट अलीकडे झाली आहे. जुलै २०२४ मध्ये आलेल्या पिप २४.२ पासून, पायथॉन ३.१० किंवा त्यापुढचा असेल तर, पिप आपणहून विंडोजचं स्टोअर वापरतं. त्या मुलाचं पिप २३ चं होतं. जोडफाइल उणे-उणे सर्टने एकदाच देऊन आम्ही पिप अपग्रेड केलं, आणि पांडाज् लगेच आलं. नव्या नोडलाही "यूझ सिस्टिम सीए" हा पर्याय आहे.

पायथॉन ३.१३ वर एक वेगळी एरर भेटेल: "बेसिक कन्स्ट्रेंट्स ऑफ सीए सर्ट नॉट मार्क्ड क्रिटिकल" किंवा "मिसिंग ऑथॉरिटी की आयडेंटिफायर". या व्हर्जनपासून तपासणी कडक झाली आणि काही कंपन्यांची जुनी रूट सर्टिफिकेटं त्यात बसत नाहीत. हे तुमच्या हातात नाही. ज्यांनी सर्टिफिकेट बनवलं त्यांना ही ओळ जशीच्या तशी पाठवा, आणि तोवर ३.१२ वर काम करा.

उबंटू किंवा डेबियन लिनक्सवर असाल तर फाइल डॉट सीआरटी नावाने "यूएसआर, लोकल, शेअर, सीए-सर्टिफिकेट्स" या फोल्डरात टाकून "सुडो अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स" चालवा. एपीटी या तिथल्या पॅकेज टूलला प्रॉक्सी त्याच्या कॉन्फ फाइलमध्ये द्या, कारण सुडो लावलं की तुमची व्हेरिएबलं गळून पडतात. डब्ल्यूएसएल म्हणजे विंडोजच्या आत चालणारं पण वेगळं लिनक्स आहे, विंडोजचं स्टोअर त्याला दिसत नाही, म्हणून तिथेही हेच. डॉकर प्रोग्रॅमला कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवतं; त्याच्या आत १२७.०.०.१ म्हणजे कंटेनर स्वतः, तुमचा लॅपटॉप नव्हे. पीएक्स वापरत असाल तर "होस्ट डॉट डॉकर डॉट इंटर्नल" द्या आणि पीएक्सला बाहेरची जोडणी घ्यायची परवानगी द्या.

४०३ राहिलं. तिथे नेटवर्क टीमला तिकीट टाकायचं, आणि डोमेन नेमके लिहायचे. पायपीआय डॉट ऑर्ग उघडून देतात आणि फाइल्स डॉट पायथॉनहोस्टेड डॉट ऑर्ग राहतो. मग पॅकेज सापडतं पण उतरत नाही. एनपीएमला रजिस्ट्री डॉट एनपीएमजेएस डॉट ऑर्ग लागतं. काही पॅकेजं इन्स्टॉल होताना गिटहबवरून किंवा नोडजेएस डॉट ऑर्गवरून तयार फाइली आणतात, म्हणून कोणत्या पॅकेजला काय लागलं ते एररमधून उचलून लिहा. तिकिटात पूर्ण कमांड, पूर्ण एरर, वेळ आणि कर्लचं आउटपुट चिकटवा. कर्लच्या आउटपुटमध्ये "प्रॉक्सी-ऑथोरायझेशन"ची ओळ असेल तर ती पुसून मगच. त्यात तुमचा पासवर्ड जेमतेम झाकलेला असतो.

सगळं चालू झालं की आधीच्या प्रयत्नांत केलेली घाण काढायची. "पिप कॉन्फिग लिस्ट" आणि "एनपीएम कॉन्फिग लिस्ट" चालवा. ट्रस्टेड-होस्ट दिसलं तर "पिप कॉन्फिग अनसेट", स्ट्रिक्ट-एसएसएल दिसलं तर "एनपीएम कॉन्फिग डिलीट". गिटचं "एचटीटीपी डॉट एसएसएलव्हेरिफाय" फॉल्स असेल तर तेही काढा. विंडोजवर गिटला "एचटीटीपी डॉट एसएसएलबॅकएंड" म्हणून "एसचॅनल" दिलं की तेही विंडोजचं स्टोअर वापरतं. सांगलीच्या मुलाच्या मशिनवर ट्रस्टेड-होस्ट, स्ट्रिक्ट-एसएसएल आणि एसएसएलव्हेरिफाय या तिन्ही ओळी निघाल्या. आम्ही त्या काढल्या, नवीन टर्मिनल उघडलं, त्याने पिप आणि एनपीएम दोन्ही परत चालवून पाहिले, आणि मग मी तिकीट बंद केलं.