हेमर यांचा कुंभारकामाचा कोश: बेळगाव-खानापूरच्या मातीसाठी कसा वापरायचा, कुठून घ्यायचा

खानापूरकडची तांबडी-पिवळी माती आणि गोकाक-अथणीकडची काळी माती एकाच भट्टीत सारखी वागत नाही. एकीचं मडकं ठणठणीत निघतं, दुसरीचं वाळतानाच तडकतं. असं का होतं, याचं उत्तर नेमकेपणानं देणारं पुस्तक म्हणून फ्रँक आणि जॅनेट हेमर यांच्या ‘द पॉटर्स डिक्शनरी ऑफ मटेरिअल्स अँड टेक्निक्स’चं नाव जगभरचे सिरॅमिकवाले घेतात. पहिली आवृत्ती 1975 ची, पाचवी 2004 ची, सहावी 2015 ची. चारशेहून जास्त पानं, एबीसीडीच्या क्रमानं नोंदी, जागोजागी आकृत्या आणि शेवटी तक्ते. पुस्तक इंग्रजीत आहे, पण इंग्रजी कादंबरी वाचता येत नसली तरी हे वापरता येतं. सलग वाचायचं नसतंच. अडलं की उघडायचं, एक नोंद वाचायची, त्या नोंदीत ज्या दुसऱ्या नोंदींकडे बोट दाखवलंय त्या बघायच्या आणि मिटून ठेवायचं.

ग्लेझच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराच्या, रेसिपी मिळाव्यात म्हणून मात्र हे घेऊ नका. त्यातला माल इंग्लंडचा आहे. कॉर्निश स्टोन हा ग्लेझमध्ये वापरायचा तिकडचा दगड इकडे मिळत नाही. बॉल क्ले ही चिकट, बारीक माती म्हणजे त्यांच्या डेव्हनची. आपल्याला मिळते ती बिकानेर किंवा थानगढची, आणि तिच्यात लोखंड, वाळू, चिकटपणा सगळं वेगळं. त्यामुळे तिथला आकडा जसाच्या तसा उचलला की ग्लेझ ओघळतं तरी किंवा खरखरीत राहतं तरी. पुस्तकाची खरी किंमत आहे ती कारणांत. माल बदलला तरी चुना का फुटतो, ग्लेझला जाळी का पडते, 573 अंश सेल्सिअसला क्वार्ट्झ (गारगोटी) का फुगतो, हे बदलत नाही.

आधी आपल्या मातीचे आकडे काढा

कोशातली नोंद तुमच्या मातीला लागू पडते की नाही हे कळायला तीन गोष्टी हातात हव्यात.

पहिली, आक्रसणं. चाकावर घ्यायला जशी मळता तशी माती मळून 14 सेंमी लांब, 4 सेंमी रुंद, 1 सेंमी जाड अशा निदान पाच पट्ट्या करा. प्रत्येकीवर सुरीच्या टोकानं बरोबर 10 सेंमीची रेघ ओढा. रेघेच्या दोन्ही टोकांना आडव्या खुणा करा, नाहीतर नंतर कुठून मोजायचं ते कळत नाही. पट्ट्या सावलीत, रोज उलटवत वाळवा. एकाच बाजूनं वाळल्या तर वाकतात आणि माप चुकतं. वाळल्यावर रेघ 93 मिमी भरली तर आक्रसणं 7 टक्के. चाकावरच्या मातीला 5 ते 8 टक्के ठीक. 10 च्या वर गेलं की बूड तडकणं, कान सुटणं सुरू होतं. काळ्या मातीत हे हमखास होतं, कारण तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगतं आणि वाळताना तितकंच आकसतं. कोशात बेंटोनाइट आणि मॉन्टमोरिलोनाइट या नोंदी एकापाठोपाठ वाचा, म्हणजे ही माती थोडी घातली तर चिकटपणा का वाढवते आणि जास्त झाली तर भांडं का फाडते, दोन्ही उलगडतं. उपाय म्हणजे बारीक वाळू किंवा भाजलेल्या विटेची चाळलेली पूड, 10 टक्क्यांपासून सुरू करून 20 पर्यंत. दर वेळी नवी पट्टी करून बघा.

दुसरी, पाणी शोषणं. भाजलेली पट्टी कोरडी असताना वजन करा, दोन तास पाण्यात उकळा, त्याच पाण्यात गार होऊ द्या, ओल्या फडक्यानं वरचं पाणी टिपा आणि लगेच पुन्हा वजन करा. 250 ग्रॅमची 285 झाली तर 35 ग्रॅम पाणी, म्हणजे 14 टक्के. हा आकडा खाली आणायलाच हवा असं नाही. माठाला तो हवाच, पाणी झिरपून वाफ होते म्हणून तर माठ गार राहतो. लोणच्याच्या बरणीला मात्र 14 टक्के चालणार नाहीत. वजनकाटा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा घ्या. भाजीचा काटा इथं उपयोगाचा नाही.

तिसरी, चुना. वाळलेल्या मातीची पूड बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर ओता आणि बशी कानाजवळ धरा. फसफसली तर चुनखडी आहे.

दोषावरून नोंद शोधायची

कोश उघडताना ‘मला काय करायचंय’ असं शोधू नका, ‘काय बिघडलंय’ ते शोधा. त्यासाठी एक वही घाला. पानाचे चार रकाने: दोष कसा दिसतो, आपण त्याला काय म्हणतो, मातीवाला किंवा भट्टीवाला कानडीत काय म्हणतो, आणि कोशातलं नाव. सीमाभागात माल देणारा आणि भट्टी लावणारा बहुतेक वेळा कानडी बोलतो. चुना म्हणजे सुण्ण, राख म्हणजे बूदी, वाळू म्हणजे मरळु, एवढं लिहिलेलं असलं की चुकीचं पोतं घरी येत नाही.

चुनखडीचंच उदाहरण नीट बघू, कारण पूर्वेकडच्या तालुक्यांतली माती वापरणाऱ्यांना हाच त्रास सगळ्यात जास्त. भांडं भट्टीतून चांगलं निघतं. चार-आठ दिवसांनी अंगावरून नखाएवढी टवका उडते आणि खड्ड्याच्या तळाशी पांढरा कण दिसतो. कोशात ‘लाइम’ आणि चुना फुटण्याची नोंद पाहिली की साखळी कळते. साधारण 850 अंशांच्या पुढं चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, मागं राहतो कळीचा चुना. तो हवेतला ओलावा ओढतो, फुगतो आणि वरची माती फोडून बाहेर येतो. बेळगाव-खानापुरात पावसाळ्यात हे लवकर दिसतं, उन्हाळ्यात उशिरा. दोष मात्र तोच.

कारण कळलं की उपाय आपोआप रांगेत लागतात. माती पाण्यात कालवून, पातळ करून 60 नंबरच्या चाळणीतून गाळा; त्यातून पाव मिलिमीटरपेक्षा मोठा खडा जात नाही आणि तेवढ्या बारीक कणात टवका उडवण्याचा जोर नसतो. गाळणं शक्य नसेल तर भाजणी 800 च्या आत ठेवा, म्हणजे चुनखडी बऱ्याच अंशी तशीच राहते. तेही जमत नसेल, तर भांडी कोमट असतानाच पूर्ण पाण्यात बुडवा. चुना एका दमात विरतो, मऊ होतो आणि हळूहळू फुगून फोडायचं थांबतो. नुसतं पाणी शिंपडलं तर उलट होतं: अर्धा चुना विरतो, उरलेला नंतर फुटतो. 850 ते 1050 हा पट्टा चुनखडीच्या मातीला सगळ्यात वाईट. माती सोसत असेल तर 1100 च्या वर चुना मातीशीच एकजीव होतो, पण लोखंड जास्त असलेली आपली तांबडी माती तिथं पोहोचेपर्यंत बसायला लागते.

पावसाळ्यातली दुसरी तक्रार भट्टीत भांडं फुटण्याची. ‘ड्राइंग’ (वाळवणं) आणि ‘वॉटर स्मोकिंग’ (भट्टीत सुरुवातीला मंद तापावर पाणी घालवणं) या नोंदी बघा. हातात धरून कोरडं वाटलेलं भांडं गालाला लावून बघा. गार लागलं तर आत पाणी आहे. खानापुरात जून ते सप्टेंबर हवेतच इतका ओलावा असतो की भांडं सावलीत कितीही दिवस ठेवलं तरी तेवढं पाणी राहतंच. भट्टी 80-90 अंशांवर रात्रभर धरा, झडप उघडी ठेवा, वरच्या छिद्रापाशी आरसा धरून बघा. आरसा धूसर व्हायचा थांबेपर्यंत ताप वाढवायचा नाही. पाणी 100 अंशांना वाफ होऊन एकदम फुगतं, आणि जाड बुडातून तिला वाट मिळाली नाही तर बूड उडतं.

शंकूचा आकडा आणि पुढचं शून्य

भाजणी ऑर्टन शंकूंच्या आकड्यांत सांगायची पद्धत आहे. हे शंकू म्हणजे ठरलेल्या तापाला झुकणारे छोटे सुळके, भांड्यांबरोबर भट्टीत ठेवायचे. 06 म्हणजे सुमारे 1000 अंश, 04 म्हणजे 1060 च्या आसपास, 6 म्हणजे 1220 आणि 10 म्हणजे 1300 च्या जवळ. पुढचं शून्य नजरेआड झालं तर 06 ऐवजी 6 होतं, म्हणजे दोनशे अंशांहून जास्त फरक. एवढ्या तापात तांबड्या मातीची भांडी वितळून शेल्फला चिकटतात, कधी शेल्फही जातं. वहीत शंकू लिहिताना शेजारी सेल्सिअस लिहाच. आणि शंकू नुसता ताप मोजत नाही, ताप किती वेळ मिळाला तेही मोजतो. म्हणून मीटर 1000 दाखवत असतानाही हळू चढवलेल्या भट्टीत 06 आधी झुकू शकतो.

उघड्या आव्याचा (जमिनीवर रचून पेटवलेल्या भट्टीचा) ताप साधारण 700 ते 850 अंशांपर्यंत जातो. कोशातलं जवळजवळ कुठलंही ग्लेझ तिथं वितळणार नाही. आव्यात चालणारं चकाकीचं ग्लेझ कुणी स्वस्तात देऊ केलं, तर त्यात शिसं आहे का हे आधी विचारा आणि खात्री पटेपर्यंत घेऊ नका. शिशाच्या ग्लेझची माहिती कोशात आहे, पण खाण्यापिण्याच्या भांड्याला ते लावायचं नाही. लिंबू, चिंच, ताक, लोणचं शिसं बाहेर ओढतं. मातीवर पांढरी बुरशीसारखी खार येते तिच्यावर बेरियम कार्बोनेटचा उपाय दिसेल. तोही विषारी आहे. हातमोजे आणि मास्क नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

माल बदलायचा तर हिशेब कसा करायचा

शेवटच्या तक्त्यांसाठी तरी हे पुस्तक जवळ हवं. समजा 1250-1280 अंशांचं एक साधं पारदर्शक ग्लेझ आहे: फेल्स्पार 40, क्वार्ट्झ 30, व्हाइटिंग 20, चायना क्ले 10. त्याला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पडतायत. ‘पिनहोल’ची नोंद सांगते की एक कारण निघणारा वायू. व्हाइटिंग म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. 100 ग्रॅममधले 44 ग्रॅम वायू होऊन जातात, उरतात 56. त्याऐवजी वोलास्टोनाइट घेऊ. ते राजस्थानात निघतं आणि सिरॅमिकचा माल देणाऱ्यांकडे मिळतं. त्यातून चुना मिळतो आणि वायू जवळजवळ निघत नाही.

तक्त्यातून रेणुभार घ्या. व्हाइटिंग 100, कॅल्शियम ऑक्साइड 56, सिलिका 60, वोलास्टोनाइट 116. 20 ग्रॅम व्हाइटिंगमधून 11.2 ग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, मिळतो. तेवढाच मिळवायला वोलास्टोनाइट लागेल 11.2 भागिले 56 गुणिले 116, म्हणजे 23.2 ग्रॅम. त्याच्याबरोबर 12 ग्रॅम सिलिका फुकट येते, म्हणून क्वार्ट्झ 30 वरून 18 करायचं. नवं मिश्रण 40, 18, 23.2, 10, बेरीज 91.2. शंभरात बसवलं की फेल्स्पार 43.9, क्वार्ट्झ 19.7, वोलास्टोनाइट 25.4, चायना क्ले 11. हे क्वार्ट्झ कमी करायचं विसरलं की सिलिका जास्त होते, ग्लेझ उशिरा वितळतं आणि अंग मंद दिसतं. मग दोष वोलास्टोनाइटवर जातो. पहिल्यांदा शंभर ग्रॅमच करा, तीन पट्ट्यांवर लावा, भट्टीत वर, मध्ये आणि खाली ठेवा.

हिशेब जमत नसेल तर विचारायला दूर जायला नको. खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्था खानापुरातच आहे. तिथं शिकलेला माणूस तालुक्यात शोधणं अवघड नाही. जाताना पट्ट्या आणि आकड्यांची वही घेऊन जा. नुसती ‘माती तडकते’ एवढी तक्रार घेऊन गेलात तर समोरच्यालाही अंदाजच बांधावा लागतो.

कुठून घ्यायचं

नवं घ्यायचं तर सहावी आवृत्ती मागा. इंग्लंडात ती ब्लूम्सबरीनं काढली, अमेरिकेत युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया प्रेसनं. मजकुरासाठी कुठलीही चालेल, जी स्वस्त आणि लवकर मिळेल ती घ्या. ब्लूम्सबरीची शाखा दिल्लीत आहे, त्यामुळे बेळगावातल्या इंग्रजी पुस्तकं ठेवणाऱ्या दुकानदारालाही ते वितरकाकडून मागवता येतं. मागवताना दोन्ही लेखकांची नावं आणि आवृत्ती लिहून द्या. सारख्या नावाची बरीच पुस्तकं आहेत आणि ती भलतीच निघतात. किंमत परदेशी चलनात ठरते, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. बिलात लावलेला दिसला तर काढायला सांगा. परदेशी विक्रेत्याकडून थेट मागवलंत तर कुरिअरचा खर्च आणि सीमाशुल्क धरूनच तुलना करा. 2019 च्या अर्थसंकल्पानं आयात पुस्तकांवर 5 टक्के शुल्क लावलं, आणि कुरिअरवाले त्यावर आपली हाताळणी घेतात.

एकट्याला परवडत नसेल तर चार-पाच कुंभारांनी मिळून एक प्रत घ्या आणि ज्याच्याकडे भट्टी आहे त्याच्याकडे ठेवा. शंकूंचा तक्ता आणि लागणाऱ्या मालाचे भार मोठ्या अक्षरांत हातानं उतरवून भिंतीवर लावा, म्हणजे मातीच्या हातानं पुस्तक उघडावं लागत नाही.

जुनी प्रत स्वस्त पडते, आणि पाचवी किंवा चौथी आवृत्तीही कामाला पुरते. फक्त विक्रेत्याकडून तीन पानांचे फोटो मागवा: आवृत्तीचं वर्ष असलेलं पान, रंगीत चित्रांचं एखादं पान आणि शेवटचे तक्ते. रंगीत पान धुरकट, अक्षरं फुटकी असतील तर ती चोरटी छपाई असण्याची शक्यता जास्त, आणि अशा प्रतीत दशांश चिन्ह उडालेलं कळत नाही. तक्त्यांची पानं पूर्ण आहेत का हे मोजून घ्या. कारखान्यात वापरलेल्या प्रतीत सगळ्यात आधी तीच फाटतात.