शेजाऱ्याला ख्रिस्ताविषयी सांगताना

बायबलमधल्या करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (५:२०) प्रेषित पौल म्हणतो की आम्ही ख्रिस्ताच्या वतीने विनंती करतो. विनंती ऐकणाऱ्याला नाही म्हणायची मोकळीक असते, आणि निरोप ज्याचा आहे त्याच्या निरोपात पदरचं काही घालायचं नसतं. सुवार्ता, म्हणजे येशूविषयीची आनंदाची बातमी, सांगताना होणाऱ्या बहुतेक चुका या दोन गोष्टींचा विसर पडल्यामुळेच होतात.

आधी साक्ष लिहून काढा

प्रेषितांची कृत्ये, अध्याय २६ उघडा. अग्रिप्पा राजापुढे पौल तीनच गोष्टी सांगतो: आधी मी कसा होतो, येशू मला कसा भेटला, त्यानंतर काय बदललं. याच क्रमाने तुमची साक्ष, म्हणजे येशूने तुमच्या आयुष्यात काय केलं ते, एका पानावर लिहा. साधारण तीनशे शब्द पुरेत, सावकाश बोललात तरी तीन मिनिटांत संपतात. घोटाळा होतो तो पहिल्या भागात. दारू, भांडणं, आजारपण यांचं वर्णन रंगत जातं आणि येशूच्या वाट्याला शेवटची दोन वाक्यं उरतात. म्हणून मधला भाग आधी लिहा, बाकीचं त्याच्या मागेपुढे जोडा.

ख्रिस्ती घरातच वाढलेल्यांना वाटतं, आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही. नाट्य उसनं आणू नका. जमिनीच्या वादावरून भावाशी धरलेला अबोला तुम्ही स्वतः जाऊन माफी मागून मोडला असेल, तर ते आणि तसं का केलंत ते सांगा. शेजाऱ्याने तो अबोला पाहिलेला असतो, त्यामुळे त्याला ते खरं वाटतं.

मग चर्चच्या मंडळीतली भाषा काढून टाका. ‘प्रभूच्या रक्ताने मी धुतला गेलो आणि तारण पावलो’ हे उपासनेत सगळ्यांना कळतं, सोसायटीच्या जिन्यात कुणालाच कळत नाही. तिथे म्हणा: ‘माझ्या पापाची शिक्षा येशूने स्वतःवर घेतली, म्हणून देवाने मला माफ केलं, असा माझा विश्वास आहे.’ ‘पाप’ म्हटलं की अनेकांना चोरी-खूनच आठवतात. मनातला मत्सर, खोटा अहंकार, देवाकडे फिरवलेली पाठ, असं उदाहरण देऊन बोला, आणि ते उदाहरण स्वतःचं द्या, समोरच्याचं नव्हे. लिहिलेलं पान चर्चला न जाणाऱ्या एखाद्या मित्राला वाचून दाखवा. तो जिथे ‘म्हणजे काय?’ विचारेल तिथे वाक्य बदला.

साक्षीच्या जोडीला सुवार्तेचा गाभा पाठ हवा. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१५:३-४) तो आहे: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला. तुमचा अनुभव ऐकणाऱ्याला खटकेल किंवा पटेल, पण बातमी ही आहे.

बोलणं सुरू कसं करावं

योहान ४ मध्ये येशू शोमरोनी बाईकडे प्यायला पाणी मागतो. सुरुवात मागण्यापासून आहे. शेजाऱ्याची मदत घ्या, त्यांच्याकडे चहा प्या, दिवाळीचा फराळ आवडीने खा, नाताळात करंज्यांचं ताट त्यांच्याकडे पाठवा. प्रसाद न घेण्याची तुमची भूमिका असेल तर हात जोडून एका वाक्यात सांगा, चेहरा वाकडा करू नका. त्यांच्या देवांविषयी वाईट शब्द तर कधीच नको.

शेजारीण मुलाच्या नोकरीची काळजी बोलून दाखवते तेव्हा लगेच वचन काढू नका. पूर्ण ऐका. मग विचारा, ‘मी यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?’ हो म्हणाली तर एक मिनिट, साध्या मराठीत, मुलाचं नाव घेऊन. प्रार्थनेच्या आडून तिला उपदेश नको. नको म्हणाली तर विषय तिथेच थांबवा. आठवड्याने मुलाची चौकशी मात्र जरूर करा.

वाचायला काय द्यावं

कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका अनोळखी सहप्रवाशाने नवा करार दिला. टिळकांनी तो वाचला, डोंगरावरील प्रवचनाने त्यांना खिळवून ठेवलं, आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. वाचणाऱ्याला पुस्तकाबरोबर एकटं सोडण्यात ही ताकद आहे.

अख्खं पवित्र शास्त्र हातात ठेवलं तर बरेच जण लेवीय या नियमांनी भरलेल्या पुस्तकात अडकतात. मार्ककृत शुभवर्तमानाची छोटी पुस्तिका द्या. सोळाच अध्याय आहेत. आठवड्याला दोन, म्हणजे दोन महिने. दर भेटीत तीनच प्रश्न: येशू इथे काय करतो? काय पटलं? काय खटकलं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं की घाईने खोडून काढू नका. माहीत नसेल तर ‘पाहून सांगतो’ म्हणा आणि खरोखर पाहून सांगा.

‘हा परक्यांचा धर्म’ असं कुणी म्हणालं तर वाद नको. येशू आशियातच जन्मला, इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्सचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालचं आहे आणि टिळकांचे अभंग आजही चर्चमध्ये गायले जातात, एवढं सांगणं पुरे.

हे करूच नका

पैसे, नोकरी, शाळेचा प्रवेश किंवा औषध यांची सांगड विश्वासाशी घालू नका. मदत करायची तर ऐकणाऱ्यालाही करा, न ऐकणाऱ्यालाही. बरं होण्याची हमी देऊ नका, आणि साखरेच्या, रक्तदाबाच्या वा फिटच्या गोळ्या बंद करायला कधीही सांगू नका. त्यात जीव जातो. आईवडिलांच्या नकळत लहान मुलांना शिकवू नका.

राज्यघटनेचं कलम २५ धर्माच्या प्रसाराचा हक्क देतं. पण १९७७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रसार म्हणजे आपली तत्त्वं मांडणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. अनेक राज्यांत याविषयी स्वतंत्र कायदे आहेत. आपल्या राज्यातला कायदा वकिलाकडून समजून घ्या.

कुणी विश्वास ठेवू इच्छित असेल तर

बाप्तिस्म्याची घाई करू नका. पाळकांशी भेट घालून द्या, काही महिने शिकू द्या, घरच्यांशी त्याने स्वतः बोलावं यासाठी वेळ द्या. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना विरहाची वर्षं काढावी लागली. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला, स्वतः पटल्यावर. नवऱ्याने घेतला म्हणून बायकोने, बापाने घेतला म्हणून मुलांनी, असं कुठल्याही घरात होऊ देऊ नका. प्रत्येकाला वेगळं विचारा.