कॅसेट एसी छतात बसवताना: सीलिंग बंद होण्याआधी

दुकान, दवाखाना किंवा छोटे कार्यालय यांच्या छतात बसवलेला कॅसेट एसी खालून पाहिला, तर तीन फुटांची चौकोनी पांढरी जाळी एवढाच दिसतो. त्या जाळीच्या वर पत्र्याच्या डब्यात पंखा, कॉइल, पाणी साठवणारा ट्रे आणि ते पाणी वर उचलून बाहेर टाकणारा छोटा पंप असतो. दोन-तीन टनांच्या (हे टन गारव्याच्या क्षमतेचे, वजनाचे नव्हे) यंत्राचे वजन साधारण २५ ते ३५ किलो भरते. हे सगळे वजन मूळ स्लॅबने पेलायचे असते. पीओपी किंवा जिप्समच्या फॉल्स सीलिंगने, तिच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांनी किंवा तिला धरणाऱ्या तारांनी त्यातला एक किलोही पेलता कामा नये. इंटिरिअरवाल्याला सीलिंग लवकर बंद करून रंगकाम सुरू करायचे असते आणि एसीवाला दोन दिवस उशिरा येतो, हा प्रकार इतका नेहमीचा आहे की कामाचा क्रम मालकाने स्वतः ठरवून दिलेला बरा: आधी टांगणी, मग पाइप आणि वायर, मग पाण्याची व गॅसच्या दाबाची चाचणी, त्यानंतर सीलिंग आणि सर्वांत शेवटी खालचे पॅनेल.

जागा ठरवण्यापूर्वी स्लॅब नीट पाहावा. हातोडीने हलके ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर काँक्रीट धड आहे असे समजायला हरकत नाही. बद्द, पोकळ आवाज आला, गळतीचे डाग दिसले किंवा गंजलेल्या सळ्यांमुळे प्लास्टर फुगलेले असेल, तर तिथे अँकर (काँक्रीटच्या भोकात फाकून घट्ट बसणारी लोखंडी नळी) मारू नये. जुन्या इमारतींत छत लाकडी तुळयांवर किंवा लोखंडी गर्डरवर असते, गाळ्यांवर पत्रा असतो. अशा ठिकाणी भार कोणत्या लोखंडी चॅनेलने कोणत्या भिंतीवर किंवा छताच्या कैचीवर (त्रिकोणी सांगाड्यावर) न्यायचा, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगायचे, एसी बसवणाऱ्याने अंदाजाने नव्हे. नव्या व्यापारी इमारतींत कधी कधी पोस्ट-टेन्शन्ड स्लॅब असतो, म्हणजे त्याच्या पोटात ताणलेल्या पोलादी तारा असतात. इमारतीचे नकाशे पाहून आणि व्यवस्थापनाची लेखी परवानगी घेऊनच तिथे ड्रिल लावावे, कारण अशी एक तार तुटली तरी प्रकरण दुरुस्तीपुरते राहत नाही.

साध्या आरसीसी स्लॅबमध्येही विजेच्या वायरींचे पाइप ओतलेले असतात. पंख्याच्या हुकाच्या डब्यापासून भिंतीतल्या स्विचबोर्डाकडे जाणारी रेषा खडूने आखून घ्यावी आणि तिच्या आसपास भोक टाळावे. पाइप त्या रेषेतच गेला असेल याची खात्री नसते, म्हणून ड्रिल करताना त्या भागाचा पुरवठा मुख्य स्विचवरून बंद करावा आणि ड्रिलसाठी वीज दुसऱ्या सर्किटवरून घ्यावी.

टांगणीसाठी चार आटेदार रॉड लागतात. १० मिलिमीटरचा रॉड कारागिरांच्या बोलीत तीन सुती म्हणून चालतो. त्याला आतून आटे असलेला अँकर वापरायचा असेल, तर सहसा १२ मिलिमीटरचे भोक आणि काँक्रीटमध्ये सुमारे ४० मिलिमीटर खोली लागते. अँकरच्या खोक्यावर लिहिलेले माप अंतिम मानावे. या खोलीत प्लास्टरची जाडी धरायची नाही, कारण प्लास्टर भार घेत नाही. भोकातली धूळ हवेच्या हातपंपाने किंवा ब्रशने काढल्याशिवाय अँकर आत घालू नये, कारण धुळीवर फाकलेला अँकर पकड घेतल्यासारखा वाटतो आणि काही महिन्यांनी खाली सरकतो. अँकर बसला की त्यात रॉड घालून, रॉडवर जाड पट्टी, वॉशर आणि नट चढवून नट स्लॅबकडे आवळत न्यावा. अँकर तसूभरही खाली ओढला गेला तर ते भोक सोडून थोड्या अंतरावर नवे घ्यावे. काही कारागीर रॉडला लोंबकळून मजबुती दाखवतात. त्यात कसरत अधिक आणि तपासणी कमी असते.

यंत्र वर चढवताना बहुतेक अपघात घाईत होतात. शिडीवर उभे राहून, डोक्यावर खोके घेऊन ते उचलू नये. दोन्ही बाजूंनी उभे राहता येईल अशी पक्की परांची बांधावी किंवा हाताने फिरवायची लिफ्ट भाड्याने आणावी आणि खाली कोणाला उभे राहू देऊ नये. वर तोंड करून ड्रिल मारताना डोळ्यांवर गॉगल आणि नाकावर मास्क असलाच पाहिजे. यंत्राच्या चारही कानांत (टांगण्यासाठीच्या पट्ट्यांत) रॉड आल्यावर प्रत्येक कानाच्या खाली व वर वॉशर आणि नट घालावेत, आणि खालच्या नटाला दुसरा नट भिडवून कुलूप करावे. पंख्याच्या कंपनाने एकेरी नट सैल होत जातो. रॉड मीटरभरापेक्षा लांब झाले तर यंत्र झुलू नये म्हणून तिरके आधार द्यावेत.

आता पातळी. पाणी भरलेली पारदर्शक नळी चारही कोपऱ्यांना लावून पाहावी. यंत्र सपाट हवे, किंवा कंपनीच्या पुस्तिकेत सांगितले असेल तेवढेच निचऱ्याच्या बाजूला किंचित खाली. उलट्या बाजूला कलले, तर ट्रेमधले पाणी एका कोपऱ्यात साठते आणि फ्लोट स्विचला, म्हणजे पाण्याची पातळी ओळखणाऱ्या तरंगत्या स्विचला, त्याचा पत्ता लागत नाही.

माझ्या अनुभवात सर्वाधिक तक्रारी ड्रेन पाइपच्या असतात आणि त्या कोकणपट्टीत जूनच्या दमट हवेत उगवतात. एका दवाखान्यात मार्चमध्ये बसवलेले यंत्र तीन महिने निमूट चालले. पहिल्या पावसानंतर प्रतीक्षागृहातल्या पांढऱ्या सीलिंगवर चहासारखा पिवळा डाग उमटला. सगळ्यांनी स्लॅबच्या गळतीवर खापर फोडले. सीलिंग कापल्यावर दिसले की पाइपला फोमचे आवरणच नव्हते, त्यामुळे गार पाइपवर दव धरत होते, आणि दोन आधारांमध्ये तो झोळीसारखा लोंबत होता. म्हणून यंत्रातून निघालेला पाइप, पंप वापरायचा असेल तर, यंत्राजवळच उभा वर न्यावा. पंप किती उंचीपर्यंत पाणी चढवतो ते पुस्तिकेत पाहावे. त्यानंतर मीटरला किमान एक सेंटीमीटर उतार सलग ठेवावा, दर मीटर-दीड मीटरला क्लॅम्प द्यावा आणि पूर्ण लांबीवर नायट्राइल फोम चढवावा. हा पाइप संडासाच्या किंवा गटाराच्या लाइनला थेट जोडू नये, नाहीतर तिथला वायू खोलीत येतो. तपासणीच्या झाकणातून लिटरभर पाणी ट्रेमध्ये हळूहळू ओतावे, पंप चालवावा, बाहेरच्या टोकाला बादली ठेवून पाणी येते का पाहावे आणि पंप थांबल्यावर यंत्राखाली थेंब पडत नाही ना, हे दहा मिनिटे थांबून पाहावे.

तांब्याच्या पाइपचे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचेच. मालकाने दोन गोष्टींवर लक्ष ठेवावे. दाबाची चाचणी कोरड्या नायट्रोजननेच होते. ऑक्सिजन भरल्यास पाइपातल्या तेलाशी संयोग होऊन स्फोट होऊ शकतो, त्यामुळे ऑक्सिजनचा सिलिंडर या चाचणीसाठी जोडलेला दिसला तर काम तिथल्या तिथे थांबवावे. आणि गॅस सोडण्यापूर्वी व्हॅक्यूम पंपाने पाइपातली हवा काढलीच पाहिजे. ‘थोडा गॅस सोडून हवा बाहेर काढतो’ हा जुना शॉर्टकट स्वीकारू नये. आर-३२ हा आज सर्रास वापरला जाणारा गॅस सौम्य ज्वलनशील आहे, म्हणून गॅस हाताळताना खिडक्या उघड्या, विडी-सिगारेट बंद आणि जवळपास ज्योत नको. पाइप झाळून जोडायचे असतील तर ज्योत लागतेच; ते काम गॅस भरण्याआधी उरकावे आणि तेव्हा अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवावा.

विजेसाठी परवानाधारक वायरमनकडून स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि खरोखर काम करणारे अर्थिंग घ्यावे. वायरची जाडी यंत्राच्या पाटीवरच्या अँपिअरवरून ठरते, शेजारच्या दुकानात काय लावले त्यावरून नाही.

सीलिंग बंद करताना पाइप आणि ड्रेन ज्या बाजूला आहेत तिथे दीड फुटांचे उघडता येणारे झाकण ठेवायला सांगावे. सुताराला ते दिसायला आवडत नाही, तरी सांगावे. त्याआधी चारही अँकर, दुहेरी नट आणि ड्रेनचा पूर्ण मार्ग यांचे फोटो फीतपट्टी धरून काढून ठेवावेत. शेवटी पॅनेल बसवताना ते छताला सगळीकडून चिकटले पाहिजे. एखाद्या बाजूला बोटभर फट राहिली तर तिथून गार हवा सीलिंगच्या पोटात शिरते आणि पॅनेलच्या कडेला दव धरते. अशी फट सिलिकॉनने बुजवू नये; पॅनेल उतरवून वरचे नट फिरवावेत, यंत्र योग्य उंचीवर आणावे आणि पातळी पुन्हा तपासावी.