प्रसादाचा डबा दारात आला की: ख्रिस्ती माणसाने ठरवायचं कसं

गणपती बसले की समोरच्या वहिनी डब्यातून पाच उकडीचे मोदक आणून देतात. नगरला संडे स्कूलमध्ये मी सव्वीस वर्षं शिकवलं आणि दर भाद्रपदात कुणीतरी विचारायचंच, "बाई, प्रसाद खाल्लेला चालतो का?" देवाची आज्ञा अढळ आहे की प्रसंग बघून बदलते, हाच त्यामागचा खरा प्रश्न. काहींना सरळ 'नाही' ऐकायचं असतं, काहींना 'चालतं सगळं'. बायबलच्या नव्या करारातली कित्येक पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने यातलं एकही उत्तर दिलेलं नाही. मी मुलांना उत्तर देत नसे, ठरवायचं कसं ते शिकवत असे. तेच इथे लिहिते.

आधी पौलाने ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं 'करिंथकरांस पहिलं पत्र' उघडा आणि पाचवा व आठवा अध्याय एका बैठकीत वाचा. पाचव्यात एका माणसाने बापाच्या बायकोशी संबंध ठेवलाय. तिथे पौल कुणाचं मन दुखावेल, प्रसंग काय होता, काही विचारत नाही. त्याला मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, काढा म्हणतो. आठव्यात मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा प्रश्न येतो आणि तोच पौल तीन अध्याय त्यावर विचार करत बसतो. आपल्यापुढचा प्रश्न यातल्या कुठल्या जातीचा आहे, हे आधी ओळखा. व्यभिचार, खोटी साक्ष, चोरी यांना 'परिस्थितीच तशी होती' हे कारण लावू नका. अन्न, सणवार, कपडे यांची गोष्ट वेगळी. अन्नामुळे आपण देवाच्या जवळ जात नाही, असं आठव्या अध्यायाच्या आठव्या वचनात स्पष्ट आहे.

मग जागा बघा. इ.स. 55च्या सुमारास हे पत्र लिहिलं गेलं तेव्हा करिंथमध्ये देवळांना जोडून जेवणाच्या खोल्या होत्या आणि वाहिलेलं मांस बाजारातही येई. दहाव्या अध्यायात पौल त्याच मांसाला तीन उत्तरं देतो. देवळातल्या पंगतीला, जिथे जेवणं हाच उपासनेचा भाग, तिथे बसू नका. बाजारातून आणलं तर चौकशी न करता खा. कुणी घरी जेवायला बोलावलं तर वाढतील ते खा, पण 'हे वाहिलेलं आहे' असं कुणी सांगितलं तर त्याच्या सद्सद्विवेकासाठी थांबा. म्हणून आरतीला ताम्हन हातात घेणं आणि शेजारणीने प्रेमाने दिलेला मोदक खाणं मी एका मापाने मोजत नाही. पहिल्याला माझं उत्तर कायम 'नाही' असतं. दुसऱ्याला मी अजून एक प्रश्न विचारते.

तो प्रश्न असा: माझ्यासमोर कोण बसलंय? मी इथेच चुकले होते. सहा वर्षांपूर्वी एक तरुण संध्याकाळी बायबल अभ्यासाला आमच्याकडे यायचा. नुकताच बाप्तिस्मा झालेला, घरच्यांचा अबोला सोसलेला. वहिनींचा डबा टेबलावरच होता. मी एक मोदक खाल्ला आणि एक त्याच्या बशीत ठेवला. बाईंनी दिला म्हणून त्याने खाल्ला. मग तीन रविवार तो उपासनेला आला नाही. भेटायला गेले तेव्हा म्हणाला, "बाई, मी परत मागे गेलो असं वाटलं. रात्रभर झोप नाही लागली." ज्याच्या मनात शंका आहे त्याने खाल्लं तर तो दोषी ठरतो, हे पौलाच्याच रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात आहे आणि ते मीच कितीदा शिकवलं होतं. मोदक खाण्यात पाप नव्हतं. त्याच्या बशीत ठेवण्यात होतं. मी त्याची माफी मागितली.

"मग तत्त्व उरलं कुठे?" असं कुणी विचारलं तर पौलाच्या दोन सहकाऱ्यांकडे, तीमथ्य आणि तीताकडे बघा. यहूद्यांमध्ये काम करायचं म्हणून पौलाने तीमथ्याची सुंता केली. तीताच्या बाबतीत काही जण ती तारणासाठी, म्हणजे पापातून सुटकेसाठी, सक्तीची करू बघत होते, तिथे तो एक घटकाही वाकला नाही. दोन्हीकडे त्याला सुवार्तेची, म्हणजे येशूच्या संदेशाचीच काळजी होती.

खायचं नाही असं ठरलं तरी डबा दारातून परत पाठवू नका. दोन्ही हातांनी घ्या आणि खरं ते सांगा: "वहिनी, तुम्ही आठवणीने आणलंत, बरं वाटलं. पण वाहिलेलं आम्ही खात नाही, रागावू नका." 'मधुमेह आहे' असली थाप मारू नका; अन्नाचा प्रश्न सोडवायला खोटं बोललात तर अढळ आज्ञाच मोडली. आणि डबा रिकामा परत करू नका. आमच्याकडून नाताळात करंज्या जातात.

तो तरुण आता मंडळीत गिटार वाजवतो. मी मोदक खाते हे त्याला माहीत आहे, तो खात नाही हे मला. गणपतीत तो आला की मी पोह्यांच्या दोन बशा भरते, एक त्याला, एक मला.