पॅरिसचा म्युझियम पास दोन दिवसांत वसूल होतो का?

एकदा पैसे भरून ठरावीक तासांत अनेक ठिकाणी जाऊ देणाऱ्या पॅरिस म्युझियम पासच्या जाहिरातीत पन्नासहून जास्त ठिकाणं दिसतात. दोन दिवसांत त्यातली पाच धड बघून झाली तरी पाय बोलायला लागतात. म्हणून तो पन्नासचा आकडा बाजूला ठेवा, एक कागद घ्या आणि पासचं पान उघडण्याआधी आपल्याला खरंच काय बघायचंय ते लिहून काढा. हा क्रम महत्त्वाचा आहे. पासची यादी आधी वाचली की ‘हेही त्यात आहेच की’ म्हणत ज्यांची नावंही ऐकली नव्हती अशी चार संग्रहालयं कागदावर येतात, आणि मग हिशेब पासच्याच बाजूने लागतो.

यादी झाली की प्रत्येक नावापुढे खूण करा: पासात आहे, पासात नाही, मुळातच फुकट.

पासात नसलेल्या गोष्टी आधी काढून टाका, कारण आपल्याकडच्या बहुतेकांची यादी तिथेच निम्मी होते. आयफेल टॉवर पासात नाही. सीन नदीतली बोटीची फेरी नाही. गार्निए ऑपेरा हाउस नाही, कॅटाकोम (जमिनीखालची हाडांची भुयारं) नाहीत, डिस्नेलँड तर नाहीच. फुकटच्या रकान्यात नोत्र दाम (डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं, आत जायला पैसे लागत नाहीत), साक्रे-कर चर्च (फक्त घुमटावर जायचं तिकीट), आणि पती पॅले किंवा कार्नाव्हाले यांसारख्या महापालिकेच्या संग्रहालयांतले कायमस्वरूपी संग्रह. पासची खरी मोठी नावं अशी: लूव्र, ओर्से, ऑरांजरी आणि रोदँ ही संग्रहालयं, सँत-शापेल हे रंगीत काचांचं जुनं चर्च, आर्क द त्रियोंफ ही विजयकमान, व्हर्सायचा राजवाडा आणि पाँतेओं हे स्मारक.

आता बेरीज. दर सतत बदलतात, म्हणून इथे सगळे आकडे २०२४ सालचे घेतलेत. पद्धत कळली की आजचे दर घालून तीच बेरीज करायची. त्या वर्षी ४८ तासांचा पास ६२ युरो, ९६ तासांचा ७७ आणि १४४ तासांचा ९२ युरो होता. सुट्टी तिकिटं: लूव्र २२, व्हर्सायचा राजवाडा २१, ओर्से १६, आर्क द त्रियोंफ १६, सँत-शापेल १३, ऑरांजरी साडेबारा.

दोन कुटुंबं समोर ठेवू. पहिल्या कुटुंबाचा बेत: आयफेल टॉवर, सीनची फेरी, लूव्र, संध्याकाळी आर्क द त्रियोंफ, उरलेला वेळ बाजारात. पासात बसणारं काय? २२ अधिक १६, म्हणजे ३८. पास ६२ चा. माणशी २४ युरो अंगावर. दुसऱ्या कुटुंबाचा बेत: लूव्र, सँत-शापेल, आर्क, ओर्से, व्हर्साय. बेरीज ८८. पास घेतला तर माणशी २६ युरो वाचतात. एक युरो ढोबळमानाने शंभर रुपये धरला तर दोघांचे पाच हजारांच्या वर, म्हणजे पॅरिसमधलं एखादं बरं जेवण.

यातली एक बेरीज मुद्दाम करून बघण्यासारखी आहे. लूव्र, व्हर्साय आणि ओर्से ही यादीतली सगळ्यात महागातली तीन ठिकाणं घेतली तरी ५९ च होतात. म्हणजे तीन मोठी ठिकाणं बघूनही ४८ तासांचा पास तीन युरोंनी तोट्यातच. फायदा चौथ्या ठिकाणापासून सुरू होतो. पासचा विचार करताना ‘आपण चौथं ठिकाण खरंच बघणार आहोत का’ हाच प्रश्न स्वतःला विचारायचा, आणि उत्तर प्रामाणिक द्यायचं.

दर बघताना हमखास होणारी चूक म्हणजे पासचा दर एका पानावरून आणि तिकिटांचे दर दुसऱ्याच जुन्या पानावरून घेणं. लूव्रने १४ जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या (म्हणजे युरोपीय संघ आणि नॉर्वेसारखे काही शेजारी सोडून इतर) पाहुण्यांसाठी तिकीट ३२ युरो केलं. भारतातून जाणाऱ्याने जुने २२ धरले तर पास उगाच महाग वाटेल. उलट पासचा जुना दर धरला तर उगाच स्वस्त. दोन्ही रकाने एकाच दिवशी, त्या त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून भरा. मधल्या विक्रेत्यांच्या पानावर पाससोबत बोटीची फेरी किंवा ऑडिओ गाइड जोडून एकच गोळाबेरीज दर लावलेला असतो. त्यातला पासचा भाग किती हे कळत नाही.

हिशेब माणशी करायचा, घरटी नाही

अठरा वर्षांखालच्या मुलांना वर सांगितलेल्या आठही ठिकाणी प्रवेश फुकट आहे, मग मूल कुठल्याही देशाचं असो. त्यांच्यासाठी पास घेणं म्हणजे शुद्ध भुर्दंड. चौघांच्या कुटुंबात मुलं चौदा आणि नऊ वर्षांची असतील तर हिशेब दोघांचाच. वयाच्या पुराव्यासाठी पासपोर्ट किंवा त्याची स्वच्छ प्रत जवळ ठेवा. मात्र तिकीट शून्य रुपयांचं असलं तरी लूव्रसाठी मुलांचाही वेळ आरक्षित करावा लागतो. हे विसरल्यामुळे दारात नुसता गोंधळ होतो: आईवडिलांचा स्लॉट आहे, मुलांचा नाही.

जर्मनीत, फ्रान्समध्ये किंवा आयर्लंडमध्ये शिकणारी आपली मुलं सव्वीसच्या आत असतील तर लूव्र, ओर्से, व्हर्साय यांसारख्या राष्ट्रीय संग्रहालयांत त्यांनाही फुकट जाता येतं. अट नागरिकत्वाची नसून युरोपीय संघात राहण्याची आहे, त्यामुळे निवासाचा परवाना बरोबर हवा. लंडनला शिकणाऱ्याला हे लागू नाही, ब्रिटन आता संघात नाही. नोकरी करणारा तिशीतला इंजिनिअर म्युनिकहून येत असेल तर त्याला फुकट नाही, पण लूव्रचा वाढीव दरही त्याच्यावर बसत नाही.

ज्येष्ठांची सवलत मात्र लूव्रमध्ये नाही. आजी-आजोबांचा हिशेब वेगळा करावा. लूव्र बघून त्यांना तुइलरी बागेत बाकावर बसायचं असेल, आर्कच्या २८४ पायऱ्या चढायच्या नसतील, तर त्यांना सुटी तिकिटं घ्या आणि बाकीच्यांना पास. सगळ्या घराने एकच काहीतरी घेतलं पाहिजे असं नाही. फक्त लूव्रचा स्लॉट घेताना पासवाल्यांचा आणि तिकीटवाल्यांचा वेळ एकच निवडा, कारण ते वेगवेगळ्या बटणांवरून आरक्षित होतात.

घड्याळ कधी सुरू होतं

हा पास तासांवर चालतो, तारखेवर नाही. पहिल्या दारात स्कॅन झाला की ४८ तास सुरू, आणि ते सलग. त्यामुळे पास सकाळी सुरू करण्यापेक्षा दुपारी सुरू केला तर तो तीन तारखांवर पसरतो. वर ८८ युरोंची जी यादी केली ती अशी बसवता येते:

बुधवारी दुपारी तीनला लूव्र. बुधवारी आणि शुक्रवारी ते रात्री नऊपर्यंत उघडं असतं. घड्याळ तीनला सुरू.

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमाराला सँत-शापेल, जेवणाच्या आधी आर्क द त्रियोंफ, दुपारी हॉटेलवर जाऊन पाय वर करून पडा, संध्याकाळी ओर्से. गुरुवारी ते पावणेदहापर्यंत चालू असतं.

शुक्रवारी सकाळचा पहिला स्लॉट व्हर्सायचा. तीनच्या आत स्कॅन झालं म्हणजे झालं. आत किती वेळ राहायचं याला पासची हरकत नाही.

हेच सोमवार-मंगळवारी बसवायला जा, सगळं कोसळतं. सोमवारी ओर्से बंद, व्हर्साय बंद, रोदँ बंद. मंगळवारी लूव्र आणि ऑरांजरी बंद. विमानाच्या तारखांमुळे पॅरिसचे दोन दिवस सोमवार आणि मंगळवारच असतील तर ४८ तासांचा पास घेऊच नका.

प्रत्येक ठिकाणी पासवर एकदाच प्रवेश मिळतो. लूव्रमधून जेवायला बाहेर पडलात की परत आत येता येत नाही.

९६ तासांच्या पासचा फरक १५ युरोंचा होता, म्हणजे ओर्सेच्या एका तिकिटाहून कमी. तीन पूर्ण दिवस असतील आणि तिसऱ्या दिवशी आणखी दोन ठिकाणं नक्की असतील तर तो परवडतो. तिसरा दिवस डिस्नेलँडचा असेल तर नाही.

आधी स्लॉट बघा, मग पास घ्या

सगळ्यात महागात पडणारी चूक ही आहे. पास असला म्हणजे कुठेही थेट आत जाता येतं, असं नाही. लूव्र, सँत-शापेल, व्हर्साय आणि ऑरांजरीला पासधारकांनाही वेळ आरक्षित करावी लागते. ती फुकट असते, पण संख्या मर्यादित. गर्दीच्या मोसमात पासधारकांचे स्लॉट संपलेले असतात आणि त्याच दिवशी विकतच्या तिकिटाचे शिल्लक असतात, किंवा उलटही. तेव्हा पैसे भरण्याआधी त्या त्या संकेतस्थळावर ‘पासधारक’ हा पर्याय निवडून आपल्या तारखेला जागा आहे का ते बघून घ्या. आहे असं दिसलं की पास विकत घ्या आणि त्याच बैठकीत स्लॉट पक्के करा. व्हिसा हातात येण्याआधी यातलं काहीही करू नका.

‘रांग चुकते’ या वाक्याला फार भुलू नये. पासमुळे चुकते ती तिकीट खिडकीची रांग, आणि घरून ऑनलाइन काढलेल्या सुट्या तिकिटानेही तीच चुकते. सुरक्षा तपासणीची रांग सगळ्यांना सारखीच. सँत-शापेल न्यायालयाच्या आवारात असल्यामुळे तिथली तपासणी विमानतळासारखी असते. पर्समधली छोटी कात्री, फळं कापायची सुरी, काचेची बाटली हॉटेलवरच ठेवा.

व्हर्सायची एक खोच आहे. पासात राजवाडा आणि त्याच आवारातल्या त्रियानों या छोट्या महालांचा परिसर येतो. पण साधारण एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये ज्या दिवशी कारंजी किंवा संगीत चालू असतं त्या दिवशी बागेत जायला वेगळं तिकीट लागतं. उन्हाळ्यात जाणार असाल तर तुमच्या तारखेचं बघून ती रक्कम बेरजेत धरा.

पायांचा हिशेब

लूव्रला तपासणी, क्लोकरूम आणि वाट चुकणं धरून किमान तीन तास. ओर्से दोन-अडीच. सँत-शापेल आत पाऊण तास, बाहेर रांग वेगळी. आर्क एक तास. रस्ता ओलांडून जायचा प्रयत्न करू नका, शाँज-एलिझे रस्त्याच्या बाजूने भुयारी मार्ग आहे. व्हर्साय जाऊन-येऊन जवळजवळ दिवसच. एका दिवसातून जेवण आणि मेट्रो वजा केली तर साधारण सहा तास बघायला उरतात, त्यात दोन मोठी ठिकाणं आणि एक छोटं बसतं. कागदावर दिवसाला चार मोठी ठिकाणं लिहिली असतील तर त्यातलं एक आताच खोडा आणि पुन्हा बेरीज करा. पुष्कळदा पास इथेच तोट्यात जातो.

यालाही एक अपवाद आहे. चित्रं, काच, जुनं दगडकाम यांचा ज्यांना खरंच नाद आहे, त्यांना पास वेगळं सुख देतो. वाटेवर क्लूनी हे मध्ययुगीन कलेचं संग्रहालय लागलं, शिरलो. अर्ध्या तासात कंटाळा आला, बाहेर पडलो. बारा-पंधरा युरो मोजून आत गेलेला माणूस असा बाहेर पडत नाही. ती मोकळीक हवी असेल तर चार-पाच युरोंचा तोटाही चालेल.

मेट्रोचा खर्च या पासात येत नाही. २०२५ मध्ये मेट्रो आणि आरईआरचं (उपनगरी रेल्वेचं) तिकीट सरसकट अडीच युरो झालं, त्यात व्हर्सायही आलं. विमानतळाचं मात्र तेव्हा १३. दिवसभराचा प्रवासाचा पास, नाव्हिगो जूर, त्या वर्षी १२ युरोंचा होता आणि विमानतळाला चालत नव्हता. म्हणजे दिवसातून चार फेऱ्या असतील तर सुटी तिकिटं, पाच झाल्या की दिवसाचा पास. ही तिकिटं ज्यात भरतात ते नाव्हिगो ईझी कार्ड प्रत्येकाचं वेगळं हवं, एका कार्डावर दोघं जात नाहीत. व्हर्सायला आरईआर सी पकडताना ‘व्हर्साय शातो रीव्ह गोश’ हे नाव बघूनच चढा. व्हर्साय नावाची स्टेशनं एकापेक्षा जास्त आहेत.

इतर शहरांत काय बदलतं

बेरीज तीच, पण पासचा सांगाडा वेगळा असतो. रोमा पासमध्ये ४८ तासांच्या प्रकारात पहिलं एक ठिकाण फुकट, ७२ तासांच्या प्रकारात पहिली दोन, पुढे फक्त सवलत. शहरातली बस-मेट्रो आत धरलेली. तिथे क्रमाला किंमत आहे: सगळ्यात महाग तिकीट पहिलं वापरायचं. गावात शिरल्या शिरल्या एखाद्या लहानशा संग्रहालयात पास दाखवला तर फुकटचा प्रवेश तिथेच खर्ची पडतो. व्हॅटिकनची संग्रहालयं त्यात नाहीत, आणि कोलोसियमचा वेळ आरक्षित करावाच लागतो.

लंडन पास तारखेवर चालतो. तिथे दुपारी तीनला सुरू करणं म्हणजे अर्धा दिवस वाया. शिवाय ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न यांचे कायमस्वरूपी संग्रह सगळ्यांना फुकट आहेत. ते यादीतून वगळल्यावर टॉवर ऑफ लंडन, वेस्टमिन्स्टर ॲबी असं जे विकतचं उरेल त्याचीच बेरीज करा.

आणि पॅरिसला जाताना तारखेचाही एक डाव बघून ठेवा. महिन्याच्या पहिल्या रविवारी ओर्से आणि ऑरांजरी सगळ्यांना फुकट असतात, वेळ मात्र आधी घ्यावी लागते. जुलै-ऑगस्ट सोडून पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर लूव्रही फुकट. तुमचे दोन दिवस यात पडत असतील तर ती नावं फुकटच्या रकान्यात न्या, आणि बेरीज पुन्हा मांडा.